पुठ्ठ्यातले फार्स: आमची वाटचाल

आम्ही जुन्या नाटकांच्या छापील जाहिराती दुरुस्त करतो, विकत घेतो आणि विकतो, पण आमचा मूळ धंदा बायंडिंगचा. अण्णांनी सदाशिव पेठेत दुकान थाटलं तेव्हा चोपड्या, हजेरीपुस्तकं, वकिलांची पुस्तकं अशी कामं येत. नाटकाशी आमचा संबंध आला तो एका कीर्दवहीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पुठ्ठ्यामुळे.

पुठ्ठा वाळवीनं पोखरला होता. जुने बायंडर रद्दी कागद खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठा बनवत. अण्णांनी तो कोमट पाण्यात भिजत घातला, थर सुटू लागले आणि तिसऱ्या थरावर नाटकाची जाहिरात निघाली. मुख्य आख्यान पौराणिक, शेवटी फार्स, म्हणजे छोटं विनोदी नाटुकलं. फार्सचं नाव अर्धं फाटलेलं. ज्या धंद्यानं असे कागद खळीत घातले त्याच धंद्यानं ते टिकवलेही, ही गोष्ट अण्णांच्या मनात घर करून राहिली.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि पुढे मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. त्याच साली, त्याच ठिकाणी पारशी मंडळींनी रुस्तुम-सोहराबच्या खेळाला ‘धनजी गरक’ हा फार्स जोडला होता. पुढे मराठी मंडळ्यांतही आख्यान संपलं की फार्स, असा रिवाज पडला. त्यातले कितीतरी फार्स पुस्तकरूपात आलेच नाहीत. त्यांचं नाव उरलं असेल तर जाहिरातीच्या कागदावर, आणि तो कागद खेळ झाल्यावर वाण्याच्या पुडीला जायचा. म्हणून पूर्ण चांगल्या कागदापेक्षा अर्धवट फाटका पण फार्सचं नाव असलेला कागद मी जास्त मोलाचा मानतो.

सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली. जुन्या बाजारात मिळालेली गुलाबी कागदावरची जाहिरात मी रंग न तपासता पाण्यात सोडली. शाई टिकली, पण कागदाचा रंग उतरला आणि पांढुरके डाग कायमचे राहिले. तो कागद मी विकला नाही, टेबलासमोर लावून ठेवला आहे. आता आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून टिपकागदानं बघितल्याशिवाय पुढे जात नाही. फाटलेल्या जागी जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढंच वापरतो. गरज पडली तर ते पुन्हा सुटतं. लॅमिनेशन करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवतो.

खरा कस लागतो तो वर्ष ठरवताना. जाहिरातीवर बऱ्याचदा वार आणि तारीख असते, साल नसतं. सोबत तिथी असेल तर जुन्या पंचांगांशी ताडून साल बहुतेक नक्की होतं. १८६७ च्या कायद्यानं छापणाऱ्याचं नाव आणि गाव घालणं ब्रिटिश मुलखात सक्तीचं झालं. तो छापखाना कधी निघाला हे कळलं की मर्यादा आणखी आवळते. संस्थानी गावांत मात्र हा आधार गृहीत धरता येत नाही. कधी नाटकाचं नावच सांगून जातं. ‘फाल्गुनराव’ वाचून लोक अनोळखी नाटक समजतात. ते नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं १८९३ चं गद्य नाटक, ज्याचं १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं.

बायंडिंगवर अजूनही घर चालतं. जाहिरातींची खरेदी-विक्री त्यातून वाढत गेली. विकण्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन होतो, ते काम आमची मुलगी बघते. मागच्या बाजूला कुणी धोब्याचा हिशेब मांडलेला असतो, तोही आम्ही पुसत नाही. ज्याची दुसरी प्रत आमच्या पाहण्यात नाही असा कागद विकायचा नाही, हा नियम अण्णांचा. त्यानं तोटा होतो, तरी मोडलेला नाही.

सध्या टेबलावर मिरजेहून आलेल्या रोजकीर्दीचा पुठ्ठा आहे. चार थर सुटलेत. पाचव्यावर खेळाची वेळ आणि तिकिटांचे दर दिसतात. फार्सचं नाव अजून सहाव्याला चिकटलेलं आहे.