ठाणे-वाशी नकाशा: ठिपक्याची स्ट्रिंग गेली, ऑब्जेक्ट आला

ट्रान्स-हार्बर लोकलच्या माझ्या वेबपेजवरच्या हलत्या नकाशात गाडीचा ठिपका अजून स्ट्रिंगवरच, म्हणजे साध्या मजकुरावरच चालत होता, या वीकेंडला तो सीएसएस टाइप्ड ओएमवर नेला, म्हणजे ब्राउझरची अशी सोय जी स्टाइलची व्हॅल्यू मजकुराऐवजी आकडा आणि युनिट असलेल्या ऑब्जेक्टच्या रूपात देते. बाजूच्या बॉक्समध्ये लेफ्टची (डावीकडून किती अंतर) व्हॅल्यू टाइप केली की ठिपका तिकडे सरकतो, एवढंच, पण लोक त्या बॉक्समध्ये काहीही टाकतात हो. ‘40 केळी’ टाकलं तर पार्सफ्लोट (मजकुरातून आकडा काढणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) खुशाल 40 हातात देतो, आणि तीच स्ट्रिंग थेट स्टाइलला दिली तर ब्राउझर गपचूप सोडून देतो, ठिपका ऐरोलीलाच उभा.

आता मजकूर तपासून ऑब्जेक्ट करणाऱ्या ‘सीएसएस-स्टाइल-व्हॅल्यू डॉट पार्स’ला प्रॉपर्टीचं नाव आणि स्ट्रिंग दोन्ही द्यायचं. चुकीचं असेल तर तिथेच टाइप एरर, तो पकडून बॉक्स लाल केला की झालं. बरोबर असेल तर ऑब्जेक्ट मिळतो, व्हॅल्यू 40, युनिट ‘परसेंट’, वेगवेगळे. त्यात 12 पिक्सेल ॲड केले की दोघांची खिचडी न करता तो मॅथ-समचा ऑब्जेक्ट देतो, म्हणजे शेवटी सीएसएसचं कॅल्कच, बेरीज ब्राउझरवर सोडणारं. ‘टू’ या मेथडने इंचाचे पिक्सेल होतात, 1 इंच म्हणजे 96, पण ईएमचे (फॉन्ट साइझवर ठरणारं युनिट) पिक्सेल मागितले की एरर, आणि ते बरोबरच आहे, फॉन्ट साइझ माहीत नसताना तो तरी काय सांगणार?

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कम्प्युटेड-स्टाइल-मॅप, एलिमेंटला शेवटी लागू झालेल्या व्हॅल्यू ऑब्जेक्ट म्हणून देणारा. जुनं गेट-कम्प्युटेड-स्टाइल लेफ्ट विचारलं की टक्क्यांचे पिक्सेल करून देतं, इथे टक्के टक्केच राहतात. मला तेच हवे होते, कारण माझी सगळी स्टेशनं टक्क्यांवर बसवलीयेत, मोबाइलवर नकाशा आक्रसला तरी घणसोली घणसोलीच्या जागी. (दिघा गाव मध्ये घुसवताना पुढची सगळी गणितं बदलली ते वेगळं.)

कस्टम प्रॉपर्टीला (आपण स्वतः नाव दिलेलं सीएसएस व्हेरिएबल) मात्र हे चालत नाही, गाडीच्या वेगाचं व्हेरिएबल पार्सला दिलं तर ‘अनपार्स्ड’ असा गठ्ठाच परत येतो. रजिस्टर-प्रॉपर्टीने टाइप नोंदवला की कम्प्युटेड मॅपमधून नीट ऑब्जेक्ट मिळतो, त्यामुळे तेवढं केलंय.

क्रोममध्ये हे 66 पासून म्हणजे 2018 पासून आहे, सफारीत 16.4 पासून. माझ्या फायरफॉक्समध्ये नाही, म्हणून तिथे जुना स्ट्रिंगचा रस्ता तसाच ठेवलाय. पुढे वळणावर ठिपका फिरवायचाय, ट्रान्सफॉर्म (सरकवणं-फिरवणं सांगणारी प्रॉपर्टी) पार्स केला की ट्रान्सलेट आणि रोटेट सुटे मिळतात, फक्त रोटेटचा कोन बदलून बघतो.