चेन

दुपारी तीनच्या सुमारास मी स्वतःच्याच दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते. पायात चपला, हातात किल्ल्या, जायचं कुठेच नव्हतं. मोबाइलवर सेकंद मोजत होते. आजचा धडा 40 सेकंदांचा. 28व्या सेकंदाला आतून दारावर नखं ओढल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरता उतरता थबकले.

"किल्ली हरवली का गं?"

"नाही, आहे की."

"मग?"

याचं उत्तर फार लांबलचक होतं. मी नुसतीच हसले.

ठमी ही माझी कुत्री. ती घरी आली त्याला पाच आठवडे झाले. वय तीनेक वर्षं, तेही डॉक्टरांनी दात बघून सांगितलेलं. पहिल्या आठवड्यात मी जेमतेम अर्धा तास बाहेर जाऊन आले, तर चौकटीचे ढलपे निघालेले, फरशीवर लाळेचं थारोळं आणि माझी एक चप्पल कुरतडलेली. एकच. दुसरी तिने शिवलीही नव्हती, का ते तीच जाणे. "डूख धरलाय तिने, एक फटका दे," असं निम्म्या गोतावळ्याने सांगितलं. फटका कसला देता? पुढच्या वेळी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून गेले. दार लागल्या क्षणापासून येरझाऱ्या, धापा, मग दाराशी झोंबाझोंबी. खाऊ भरून ठेवलेलं खेळणं खोलीच्या मधोमध पडून होतं, तिने ते हुंगलंसुद्धा नाही. मी परतल्यावर दोन मिनिटांत फस्त. आणि ते कान पाडून बघणं, ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो, ते आपला चढलेला आवाज ऐकून असतं. चपलेचं तिच्या गावीही नसतं.

मग उलटा कारभार सुरू केला. किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसून पेपर वाचायचा. चपला घालून भांडी विसळायची. दिवसातून वीस-वीस वेळा, किल्ल्यांचा अर्थच मरून जाईपर्यंत. त्यानंतर दाराबाहेर 5 सेकंद, 10 सेकंद, ती बिथरायच्या आत परत. बिथरली तर धडा माझा चुकला, उद्या पुन्हा 15 वर. तोवर तिला एरवी एकटं ठेवायचंच नाही, त्यामुळे माझं बाहेर पडणं मैत्रिणीच्या सवडीवर. लागलंच तर फ्लुओक्सेटीन देऊ, असं डॉक्टर म्हणालेत. माणसांना नैराश्यावर, चिंतेवर देतात तेच औषध.

माझ्या आईने असलं काही केलं नाही. ती सरळ पळून जायची. मी चार वर्षांची असेन. "खिडकीत कोण आलंय बघ," असं आजी म्हणायची, मी खिडकीशी धावायची, तिथे कुणीच नसायचं, आणि मागे वळून बघेपर्यंत आईही नसायची. दोन-तीनदा फसल्यावर मी खिडकीकडे बघणंच सोडलं. आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून राहायची. तिच्या पर्सची चेन ओढल्याचा आवाज मला झोपेतही कळायचा. आजही कुणी "ते बघ" म्हणालं की मी आधी म्हणणाऱ्याकडे बघते.

कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायची माझी खोड ठमीने कधीच टिपली आहे. तिसऱ्या झटक्यानंतर मी खरंच जाते, हे तिला पाठ. म्हणून आता एकदाच ओढते आणि दिवसभर कुलपाची काळजी करते.

काकांच्या नादात चाळिसाव्या सेकंदालाच आत गेले. नखं आधीच वाजली होती, म्हणजे उद्या पुन्हा 15 वर. मुद्दाम लाड केले नाहीत, तिच्याकडे न बघता पाणी प्यायले. ती शेपटी हलवत पायाशी येऊन बसली. किल्ल्यांना ती आता बधत नाही. चपलांनाही नाही. पण परवा कपाटावरची मोठी प्रवासाची बॅग काढून मी तिची चेन ओढली, तर ठमी पलंगाखाली गेली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. अशीच एखादी बॅग तिने आधी कुठे भरताना पाहिली असेल का, कोण जाणे.

बॅग परत वर ठेवली आहे. चेन उघडीच.