तिला प्रेम कळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न लग्नात, बुफेच्या रांगेत येतो, तोही आवाज खाली आणून: "हिला ते... प्रेमबिम कळतं का हो?" हिला म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला. चिमी ३१ वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि रांगेत ती माझ्या शेजारीच उभी असते.

पूर्वी मी विषय बदलायचे. हल्ली 'गॅब्रिएल' बघा म्हणते. क्युबेकचा सिनेमा, २०१३चा, दिग्दर्शिका लुईज आर्शांबो. गॅब्रिएलला विल्यम्स सिंड्रोम आहे. सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मापासून नसतो. हिशोब नि रस्ते जड जातात, पण माणसांचा लळा आणि गाण्याची ओढ बऱ्याचदा विलक्षण. भूमिका करणाऱ्या गॅब्रिएल मारियों-रिव्हारलाही तेच आहे. (आपल्याकडे अशा भूमिकेसाठी नावाजलेली नटी मान तिरकी करायला शिकते. असो.) सिनेमातली गॅब्रिएल समूहगायनात गाते, तिथल्याच मार्टिनवर तिचा जीव जडतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे मार्टिनच्या आईलाही दिसतं. तिला नको असतं ते दार बंद होणं. आणि गॅब्रिएलला नेमकं स्वतःचं घर हवं असतं.

तिकडे निदान सांभाळणारी माणसं असलेलं वसतिगृह तरी आहे. आमच्या प्रभादेवीच्या दोन खोल्यांत दार बंद करायची सोय कुणालाच नव्हती. माझं सगळं प्रकरण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पार पडलं. पण कट्ट्यावर माझ्या सोबतीला घरचं कुणी येत नव्हतं.

चिमीला प्रेम कळतं. भांडुपच्या कार्यशाळेत तिच्याबरोबर कागदी पिशव्या करणारा एक जण आहे. दोघं दादरला भेटून गाडी पकडतात. "एक नंबरवर" हे ठरलेलं. तेव्हा दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. डिसेंबर २०२३मध्ये रेल्वेनं मध्यचे फलाट ८ ते १४ केले. हा बिचारा पाटी वाचत वाचत पश्चिमच्या एकवर गेला, ही नेहमीच्या जागी आठवर. दोघंही हलले नाहीत. तासाभरानं तिचा फोन आला, "ताई, तो चुकलाय. मी नाही." कळतं का विचारता?

चिमी बारा वर्षांची असताना बाथरूममध्ये अडकली होती. बाबांनी त्याच दिवशी आतली कडी काढून टाकली. स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. तेव्हापासून ती अंघोळ करताना मोठमोठ्यानं गाते. आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, आमच्या चिमीला गाण्याची केवढी आवड! सिनेमा बघून झाल्यावर मी तिला सहज विचारलं, तू बाथरूममध्येच एवढं का गातेस गं?

"गाणं थांबलं की तुम्ही आत येता."

दुसऱ्या दिवशी नवी कडी आणली, बाहेरूनही उघडता येईल अशी. बाबा बघत बसले, बोलले काही नाहीत. संध्याकाळी चिमी आत गेली, कडी लावली. पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. गाणं नाहीच. आई दाराशी जाऊन उभी राहिली, हात वर उचललेला. मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि मटार सोलायला दिले.