अनंताला कळी आली!!
आज सकाळी चहा टाकायला उठले आणि हॉलमधल्या अनंताकडं बघितलं तर टोकाला कळी, हिरवीगार, शेंगदाण्याएवढी. ओरडलेच मी, अहो दचकून उठले.

मार्चमध्ये होटगी रोडच्या नर्सरीतून आणलेलं हे झाड, सोलापूरचं ऊन सोसायचं नाही म्हणून घरातच ठेवलं, आणि महिन्याभरात कळ्या गळून गेल्या, नवी पानं पिवळी पडली पण शिरा मात्र हिरव्याच. मी आपली पाणी कमी पडतंय म्हणून रोज तांब्याभर ओतत होते, तेही बोअरचं, ज्यानं आमचा गिझर पांढरा झालाय 🤦‍♀️ शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "अगं पाण्यानं मारतीस की त्याला!" कुंडी उपडी केली तर खाली काळ्या मातीचा चिकट गोळा, वास येत होता, मुळं गोल गोल गुंडाळलेली. कुजलेली तपकिरी मुळं कात्रीनं कापली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत घालून नवी माती केली. अनंताला आम्लधर्मी माती लागते, क्षारवाल्या पाण्यात त्याला लोह घेता येत नाही म्हणे, म्हणून चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, आणलं. आता पावसाचं पाणी बादल्यांत धरून ठेवते, बोअरचं बंद, आणि माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी. जागा पण बदलली, एसीसमोरून पूर्वेच्या खिडकीत.

दीड महिना नुसती काडीच होती बरं का, अहो तर टाकून दे म्हणत होते. आता तेच तीनदा जाऊन कळी बघून आलेत 😄