आमची वाटचाल : रामबागेतली लॅब आणि फुफ्फुसाचे मार्कर

बाबांनी इंदूरच्या रामबागेत लॅब उघडली तेव्हा शुगर, हिमोग्लोबिन आणि लघवी यांवरच घर चालायचं. पुढे केमिल्युमिनेसन्सचं (रासायनिक क्रियेतून निघणारा उजेड मोजून तपासणारं) मशीन हप्त्यांवर घेतलं आणि ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ, मोजणं सुरू झालं.

मशीन आलं तसा जो तो सांगू लागला, कॅन्सर पॅकेज काढा, चांगलं चालेल. आम्ही ते काढलं नाही आणि काढणारही नाही. सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए (असाच एक मार्कर) मुळातच थोडं वर असतं. टीबीत, न्यूमोनियात, किडनी बिघडल्यावरही यातले काही मार्कर वाढतात, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बरेचदा नॉर्मल येतात. रोग ठरतो तो सीटी आणि बायोप्सीवर. म्हणून कोणी चिठ्ठीशिवाय 'फुफ्फुसाची कॅन्सर टेस्ट करा' म्हणत आलं, तर काउंटरवरूनच आम्ही त्यांना आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

मार्कर खरे कामी येतात ते उपचार सुरू झाल्यावर. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारानुसार मार्कर बघतात : स्क्वॅमस प्रकारात सायफ्रा २१-१, अ‍ॅडेनोत सीईए, स्मॉल सेलमध्ये एनएसई आणि प्रोजीआरपी. केमोआधी एक आकडा हवा आणि पुढचे सगळे त्याच पद्धतीनं काढलेले हवेत. एका लॅबमध्ये सीईए ८ आणि दुसरीत ११ आलं की घरचे हादरतात, पण किट (टेस्टसाठी लागणारा रसायनांचा संच) वेगळं असलं तर एवढा फरक नुसत्या किटचाही असू शकतो. आमच्या रिपोर्टवर पद्धत छापलेली असते आणि मागचे आकडे तारखांसह खाली ओळीनं असतात. ऑन्कॉलॉजिस्ट आधी तेच बघतात.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते एनएसईला. हे एन्झाइम तांबड्या पेशींतही असतं. त्या फुटल्या की कॅन्सर असो-नसो, आकडा चढतो. देवास, धारहून भर उन्हात नमुने यायचे. आमच्या जुन्या टेक्निशियन ताई प्रत्येक ट्यूब खिडकीपाशी उजेडात धरून बघतात. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) पिवळं असलं तर ठीक. गुलाबी झाक दिसली म्हणजे पेशी फुटल्या, मग एनएसई लावायचंच नाही. केमोनं आधीच शिरा सुकलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायची म्हणजे जिवावर येतं. तरी चुकीच्या आकड्यावर त्याचं औषध बदललं जाण्यापेक्षा ते बरं, हे नातेवाइकांना ताई स्वतः फोन करून समजावतात. आता बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरवर आम्ही सेंट्रिफ्यूज (ट्यूब वेगानं फिरवून सीरम वेगळं करणारी यंत्रं) बसवलेत. रक्त गोठलं की तासाभरात तिथेच सीरम वेगळं होतं आणि मगच थंड डब्यातून इंदूरला येतं.

केसांसाठी बायोटिनच्या (एका व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू आहेत का, हेही आम्ही विचारतो. काही किटमध्ये त्यानं निकाल बिघडतो.

पुढच्या वर्षी मशीन बदलायचंय. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांचे नमुने काही महिने जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर लावू आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापू. जादा किटचा खर्च लॅबचा.