आमची वाटचाल: दीड महिन्याचा कारखाना

आमचं काम कॅनिंगचं, म्हणजे आंब्याचा गर डब्यात भरायचं. पाहुणे विचारतात, "कॅनिंगला आंबा मिळतो का?" आंबा मिळतो हो, माणसं मिळत नाहीत.

२००९ साली रत्नागिरीजवळ घरामागच्या शेडमध्ये सुरुवात केली. गर काढायचा एक पल्पर, डबे सील करायचं हातमशीन आणि वाडीतल्या सात बायका. आमच्याकडे येतो तो पेटीत न बसणारा, बारका नाहीतर डागी हापूस. मे महिन्यात तो एकदमच येतो आणि आढीत पिकला की कुणासाठी थांबत नाही. नेमकं तेव्हाच वाडीला श्वास घ्यायला फुरसत नसते: चाकरमानी घरी, लग्नं, पूजा, पावसाआधी लाकूडफाटा भरायचा, मृगाआधी भाताच्या पेऱ्याची तयारी.

मशीन का नाही घेत, असंही विचारतात. घेतलं की. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळालं, नवा पल्पर आला. पण हापूसमधला साका, म्हणजे आतला खराब झालेला पांढरा गर, बाहेरून दिसत नाही. प्रत्येक फळ कापून बघायचं, पांढरा भाग काढायचा, मगच गर पुढे. ते काम सुरीचं आणि डोळ्यांचं. आमच्या एक काकू तर आढीजवळ वाकून वास घेतात आणि सांगतात, "ह्यो उद्या, ह्यो आत्ताच काढ."

२०१६ ला एका ठेकेदाराकडून बारा माणसं आणली. दहाव्या रात्री जास्त रोजावर दुसरीकडे गेली. तीन टन आंबा आढीत! घरचे सगळे रात्रभर कापत बसलो, तरी शेवटची रांग सकाळी खड्ड्यात पुरली. त्या वासाने मला अजून मळमळतं.

२०२० ला उलटंच झालं. टाळेबंदीत मुंबईहून आलेली पोरं शाळेत १४ दिवस विलगीकरणात काढून कामाला आली. त्यातल्या एका फिटरने बॉयलरचा गळका व्हॉल्व्ह तासाभरात बसवला. तो परत गेलाच नाही.

त्याच्यामुळे कळलं, दीड महिन्याच्या कामावर कोण घर चालवणार? आता हिवाळ्यात आवळा करतो, पाच जण बारमाही आहेत. बायकांसाठी अर्धी पाळी ठेवली, सकाळी किंवा दुपारी, त्यांच्या सोयीने. आणायला-सोडायला टेम्पो. खर्च वाढला, नफ्याला कात्री लागली, खोटं कशाला सांगू.

यंदा अठरा जण लागतील. वहीत अकरा नावं आहेत, आणि त्यातल्या दोघींच्या मुलींची लग्नं मे महिन्यातच निघालीत.