तुम्ही विचारलंत म्हणून : लगेच परत भरू का?

व्हिसा नाकारला गेलेल्या मुलांचे, खरं तर त्यांच्या आयांचेच जास्त, मला फोन येतात. कुणीतरी नंबर दिलेला असतो. प्रश्न ठरलेला : "ताई, रिजेक्ट झालाय. लगेच परत भरायचा की थांबायचं?"

नियमाने म्हणाल तर उद्याही भरता येतो. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला बहुतेक वेळा 214(बी) या कलमाखाली नकार मिळतो. कायदा 1952चा. तुम्ही तिकडे कायमचे राहायलाच निघालात असं तो धरून चालतो; तसं नाही, हे पटवून देणं तुमच्यावर. या नकारावर अपील नाही आणि अमुक महिने थांबा अशी सक्तीही नाही. नवा डीएस-160 (म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), नवी अपॉइंटमेंट, नवी फी. माझ्या वेळी 185 डॉलर होती, नुकतीच 160वरून वाढलेली, आणि ती बुडतेच. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर मात्र वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला तर परत भरावे लागत नाहीत. तेवढाच दिलासा.

तरी मी 'थांब' म्हणते. का, ते सांगायचं तर चाकणला जावं लागेल.

तिथे एका कारखान्यात मी दोन वर्षं क्वालिटीत होते. ॲल्युमिनियमचं कास्टिंग. रिजेक्ट झालेला पार्ट लाल पेटीत जातो आणि त्याला टॅग लागतो : कारण, तारीख, सही, खाली रिवर्क (दुरुस्त करायचा) की स्क्रॅप (भंगारात). रिवर्कचा पार्ट काहीही न करता पुन्हा तपासणीला आला की मी लाइनवरच्या पोरांना झापायचे. आणि 2023च्या जुलैत मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतून मीच नकाराची चिठ्ठी घेऊन निघाले, तर खालापूरच्या फूड मॉलला गाडी थांबेपर्यंत मी फोनवर पुढची तारीख शोधत होते. बाबा म्हणाले, "अगं, आधी वडा खा."

चिठ्ठीवर कलम छापलेलं होतं. माझं कारण नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, ते मला रांगेतच कळलं होतं. माझ्यापुढे पुण्याचीच एक मुलगी होती. हेच विद्यापीठ का, असं खिडकीतून विचारलं गेलं आणि ती बोलायला लागली. पहिल्या दोन शब्दांतच मला पुढचं वाक्य माहीत होतं. नामवंत प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा, जागतिक दर्जा. डेक्कनवरच्या ज्या कन्सल्टंटने माझ्याकडून पाठ करून घेतलं, त्यानेच तिच्याकडूनही घेतलं असणार. माझी पाळी आली तेव्हा मी तरीही तेच म्हटलं. दुसरं काही तयारच नव्हतं! दोन मिनिटांत संपलं. जाडजूड फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यात काकांनी पंधरा दिवसांपुरते खात्यात टाकलेले, पाहुण्यासारखे आलेले नऊ लाखही होते.

मग विद्यापीठाला लिहून प्रवेश जानेवारीवर ढकलला. काकांचे पैसे परत केले, बँकेतून शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतलं. नवा फॉर्म माझा मी भरला, कन्सल्टंटशिवाय. 'पूर्वी व्हिसा नाकारला आहे का' या रकान्यात 'हो'. मावशी म्हणत होती, "हैदराबादहून भर, तिथे कुणाला कळतंय." कळतं. कुठूनही भरा, जुना नकार समोर स्क्रीनवर असतोच, आणि लपवलेला सापडला तर साधा नकार परवडला असं होतं.

उत्तरं पाठ केली नाहीत. फक्त रोज संध्याकाळी बाबांना सांगायचे, मला हे का शिकायचंय. बाबांचं झेरॉक्सचं दुकान. त्यांना समजेपर्यंत सांगायचं. पहिले काही दिवस मलाच नीट सांगता येत नव्हतं.

नोव्हेंबरात पुन्हा तीच रांग. अधिकारी वेगळा, पहिला प्रश्न सरळ : मागच्या वेळेपेक्षा काय बदललं? मी कर्जाचं सांगितलं, मग कास्टिंगचं. धातू ओतताना आत हवेचे बुडबुडे राहतात, वरून पार्ट चकचकीत दिसतो, एक्स-रेत भोकं दिसतात. ती का राहतात हे मला चाकणमध्ये कुणी धड सांगू शकलं नाही, आणि त्या विद्यापीठात नेमकं त्यावर काम चालतं. त्याने विचारलं, मग असल्या पार्टचं करता काय? म्हटलं, वितळवून पुन्हा ओततो. तो किंचित हसला. त्यावरून काही ठरलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

आत फोन नेता येत नाही, त्यामुळे बाबा बाहेर माझा फोन धरून उभे. जुलैत माझ्या हातात पासपोर्ट बघून ते लांबूनच खूश झाले होते. नकार दिला की पासपोर्ट लगेच परत देतात आणि मंजूर झाला की छापायला ठेवून घेतात, हे त्यांना कुठे माहीत? या वेळी मी रिकाम्या हातांनी आले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे, चल, वडा खाऊ."